गयाक्काचा अर्धा तास

उमापूरच्या बाजूला लोक म्हणायचे, गयाक्काला 'न्हाई' ऐकूच येत नाही. ते खरं नव्हतं. तिला 'न्हाई' अगदी नीट ऐकू यायचं. ऐकून ती मान हलवायची, "बरं," म्हणायची, बाहेर जाऊन कुठंतरी सावली बघून बसायची आणि अर्ध्या तासानं परत येऊन तीच गोष्ट त्याच शब्दांत विचारायची. चेहरा असा, की जणू आत्ताच पहिल्यांदा विचारतेय.

हा अर्धा तास कुठून आला ते आधी सांगायला हवं, नाहीतर ती एक हट्टी बाई होती एवढंच वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. हट्टी ती होतीच. पण तिचा हट्ट नियमाला धरून होता.

गयाक्का आमच्या शेजारच्या गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव होती. सहकारी संस्थेच्या सभेला ठरावीक सभासद हजर असावे लागतात, त्याला कोरम म्हणतात. कोरम भरला नाही तर सभा मोडत नाही, तहकूब होते. अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा पुन्हा भरते, आणि मग जेवढे असतील तेवढ्यांत चालते. वार्षिक सभेच्या नोटिशीत ही ओळ अगदी खाली बारीक अक्षरात छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. गयाक्कानं वाचली होती. नुसती वाचली नव्हती, ती तिला फार आवडली होती.

"किती चांगल्या मनाच्या मानसानं लिव्हलंय बघ," ती म्हणायची. "कोनी आलं न्हाई म्हून रागवायचं न्हाई. अर्धा घंटा थांबायचं. मंग हाय त्यांच्यात चालू करायचं."

तो नियम होता संस्थेच्या सभांपुरता. गयाक्कानं तो सगळ्या जगाला लावला. ज्या वर्षी दुष्काळात जनावरांसाठी चारा छावण्या पडल्या त्या वर्षी त्यांच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा, पण ड्रायव्हर खालच्या आळीत यायला तयार नसायचा. रस्ता खराब आहे, गाडीचा पाटा तुटतो, म्हणायचा. बायका भांडायच्या. गयाक्का म्हणायची, "बरं दादा," आणि बाभळीखाली जाऊन बसायची. वरच्या आळीतलं पाणी वाटून होईपर्यंत अर्धा तास जायचाच. मग ती पदर झटकून उठायची आणि विचारायची, "दादा, खालच्या आळीला येता का?" तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं तिला लांबूनच बघितलं आणि तिनं विचारायच्या आतच गाडी खालच्या आळीकडं वळवली.

"पयल्यांदा मानूस खुर्चीवरून बोलतो," ती मला म्हणाली होती. "अर्ध्या घंट्यानं त्याला आपली खुर्ची टोचायला लागती."

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते गेवराईला, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात, एका रविवारी. माझे आईवडील दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जायचे. धाकट्या भावंडांना सांभाळायला मीही बरोबर जायचे, आणि बारावीची परीक्षा फडातच हुकली. पुढं घरात कुणाला काही विचारायची सोय नव्हती, कारण घरात कुणी कॉलेज पाहिलेलंच नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं की मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट बी.ए.ला बसता येतं. पुस्तकं घरी येतात, वर्ग फक्त रविवारी, तोही नाही आलात तरी चालतं. मला हे बरं वाटलं. मला कुणासमोर बोलायची भीती वाटायची, आणि इथं कुणी काही विचारणार नव्हतं.

वर्गात एक होमगार्ड होता, एक एस.टी.चा कंडक्टर होता, एक कडेवर मूल घेऊन येणारी नवी सून होती. आणि पहिल्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन, गयाक्का. वय पंचेचाळिशीच्या पुढं. हिरव्या बांगड्यांच्या मध्ये मनगटात एक काळं रबर, ते दुधाच्या कॅनच्या झाकणाचं. ठेवलेलं सापडत नाही म्हणून ती ते बांगडीसारखं घालूनच फिरायची.

सर आले आणि एकदम शिकवायलाच लागले. गयाक्कानं हात वर केला.

"सर, हाजरी न्हाई का घ्यायची?"

"इथं हजेरीची सक्ती नसते, मावशी."

"सक्ती नका करू. निसते नावं तरी घ्या की."

सगळे हसले. सरही हसले आणि पुढं शिकवू लागले. मधल्या सुट्टीत ती माझ्या शेजारी येऊन बसली, पिशवीतून शेंगदाण्याची पोळी काढली, अर्धी मला दिली आणि मी काही विचारायच्या आतच सांगायला लागली. तिचेही आईवडील ऊसतोडीला जायचे. शाळेत नाव होतं, पण नाव घेतलं जायचं तेव्हा ती कधी तिथं नसायची. वाचायला शिकली ती लग्नानंतर, नणंदेच्या पुस्तकांवर.

"मला बी.ए. बी करायचंय, पर ते काय, घरी बसून हुतंय," ती म्हणाली. "मला येकदा खऱ्या वर्गात बसायचंय. रोजच्या. आपुन न्हाई गेलो तर जिथं कोनीतरी इचारतं, आज ती कावून आली न्हाई?"

मी पोळी खात होते. मी म्हणाले, "चांगली झालीय पोळी."

"व्हय ना?" ती खूश झाली. "गूळ जास्त घातलाय."

तिच्या घरी मी नंतर पुष्कळदा गेले. अभ्यासाला म्हणून जायचे आणि बघत बसायचे. तिचं घर संस्थेसारखं चालायचं. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती म्हणायची, "विषय क्रमांक येक. रातच्याला पिठलं. सूचक मी. अनुमोदन?" तिचा नवरा भानुदासमामा ओसरीवर दोर वळत बसलेला असायचा. तो मान वर न करता एक हात वर करायचा. एकदा त्यानं हात वर केला नाही. गयाक्का थांबली. पीठ भिजवायचंही थांबली.

"काय झालं?"

"वांगं खावं वाटतंय," मामा म्हणाला.

"दुरुस्ती म्हून मांडा."

"मांडली."

"पोरी, तुझं काय?" तिनं मला विचारलं. मी गोंधळून वांग्याच्या बाजूनं हात वर केला. "बहुमतानं वांगं," गयाक्का म्हणाली, आणि तिच्या तोंडावर हरल्याचं जराही दुःख नव्हतं. सभा नीट झाली याचाच आनंद होता.

आम्ही दोघी बी.ए. झालो. दुसऱ्या वर्गात. मामानं वस्तीवर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या घरात आता येक बी.ए. हाय आन् बाकी म्हशी हायेत." गयाक्का म्हणाली, आता एम.ए. आणि तेही रोजच्या वर्गात, बीडला, अर्थशास्त्रात. अर्थशास्त्र का, तर त्या पुस्तकात सहकारावर एक प्रकरण होतं आणि ते तिला फार लवकर संपलं असं वाटलं होतं.

मी एकटी असते तर गेलेच नसते. कॉलेजचं नाव मी इथं लिहीत नाही. खिडकीतल्या कारकुनानं आमचे कागद उलटेपालटे केले आणि गयाक्काचे वर घेतले.

"बारावीचं?"

"न्हाई," गयाक्का म्हणाली.

"दहावीचं?"

"न्हाई. पूर्वतयारी हाय."

"मग बी.ए. कसं काय?"

"तीन वर्सं अभ्यास करून."

रांगेतली पोरं हसली. कारकुनालाही जोर आला. "बाई, खालचे मजले न बांधता एकदम गच्चीच बांधली का?"

"जिना भाईरून हाय, साहेब," गयाक्का म्हणाली.

आता रांग त्याच्यावर हसली. त्यानं कागद परत सरकवले. असली पदवी इथं चालत नाही, पुढचे या. माझे कान तापले होते. मी गयाक्काचा हात धरून म्हणाले, "चला ना, गाडी सापडेल अजून."

"गाडी कुठं जाती?" ती म्हणाली. "सभा तहकूब झालीय, मोडली न्हाई. चल, च्या घे."

आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. तिनं चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. अर्ध्या तासानं खिडकीपुढं गर्दी नव्हती. कारकून डबा उघडून बसला होता.

"साहेब, एम.ए.ला नाव घालायचंय," गयाक्का म्हणाली.

"मघाशी सांगितलं ना?"

"व्हय. तवा लई गर्दी हुती, तुमचं डोकं तापल्यालं. आता निवांत सांगा. आधी जेवा पर."

मग डबा बाजूला ठेवून त्यानं आतल्या कुणाला तरी विचारलं, आणि आतून आवाज आला की मुक्तची पदवी चालते, कधीपासूनच चालते. तो जरा वरमला. "चालतं म्हणतात," तो म्हणाला. "पण बाई, आमच्याकडं विभागप्रमुखांचा होकार लागतो. निकम मॅडम. त्या कडक आहेत."

"असू द्या की. आपल्याला मऊ कशाला पायजे?"

निकम मॅडम गयाक्काच्याच वयाच्या होत्या. उंच, बारीक, बोटांना खडू लागलेला. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि अर्थशास्त्रातलं काहीतरी विचारलं. मी घाबरत घाबरत पुस्तकातलं सांगितलं. माझं वाक्य संपलं तशी गयाक्का शेजारून मोठ्यानं म्हणाली, "अनुमोदन!"

मॅडम चमकल्या. "तुम्हाला विचारलेलं नाही अजून."

"न्हाई, बरं बोलली म्हून."

मग तिची पाळी आली. मागणीची लवचीकता म्हणजे काय? गयाक्कानं पुष्कळ विचार केला आणि जे सांगितलं ते साफ चुकीचं होतं. मॅडमनी तसं सांगितलं. "मंग न्हाई येत," ती म्हणाली. "शिकवा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे बघा, उत्तराचं मला काही नाही. पण तुम्ही रोज इथं येणार कशा? जनावरं आहेत, घर आहे, गावाकडं पाणी नाही. मी अशा बायका पाहिल्यात. मोठ्या उत्साहानं येतात आणि दिवाळीपर्यंत दिसेनाशा होतात. मग त्यांनाही वाईट वाटतं आणि मलाही. तुम्ही बाहेरून परीक्षा द्या. घरी अभ्यास करा. पदवी तीच मिळते."

"घरी बसून शिकले की मॅडम, इतके वर्सं," गयाक्का म्हणाली. "येकट्यानं जेवल्यावानी हाय ते. पोट भरतं. पर कोनी वाढीत न्हाई, कोनी आजून घे म्हनत न्हाई."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला जमेल असं मला वाटत नाही."

"बरं," गयाक्का म्हणाली.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. आम्ही कॉलेजच्या पटांगणातल्या लिंबाखाली जाऊन बसलो. अर्ध्या तासानं ती पुन्हा मॅडमच्या दारात उभी. मॅडमनी विचारलं, "आता काय?" तेव्हा तिनं कोरमचा नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगितला. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वर्गात कोरमची अडचण नाहीये."

दारात शिपाई उभा होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "कुठं वो मॅडम? निम्मे बाक मोकळेच हायेत. पोरं समदे पुण्याला कामाला गेलेत यंदा."

मॅडमनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा आणायला निघून गेला. मग त्या म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत रोज या. दोघीही. नाव लावणार नाही, नुसतं बसायचं. एक दिवस चुकला तर मग बाहेरून परीक्षा द्यायची, वाद घालायचा नाही. मंजूर?"

"मंजूर," गयाक्का म्हणाली आणि सवयीनं माझ्याकडं वळली. मी हात वर केला.

त्या दिवसांत मी तिच्याएवढं आनंदी माणूस पाहिलं नाही, आणि तिच्याएवढं दमलेलंही. अंधार असतानाच ती संस्थेचं दूध केंद्र उघडायची, बायकांचं दूध मापून घ्यायची, त्यातलं फॅट तपासायची, कॅन गाडीवर चढवायची. तिथून उमापूरची गाडी, गेवराईला दुसरी, मग बीड. गाडीत ती मोठ्यानं वाचायची. शेजारचे प्रवासी आधी वैतागायचे, मग ऐकायचे. एक म्हातारा रोज विचारायचा, "काल कुठवर आलतो आपण?"

वर्गात मात्र सुरुवात कठीण असायची. मॅडम हजेरी घ्यायच्या, सगळ्यांची नावं पुकारायच्या, आणि आमची दोघींची नावं त्यात नसायची. गयाक्का प्रत्येक नावाला त्या त्या पोराकडं वळून बघायची. कुणी आलेलं नसलं की हळूच मला विचारायची, "हे कावून आलं न्हाई?" आठवडाभरात तिला सगळ्या वर्गाची खबर होती. कुणाची आई आजारी, कुणाच्या म्हशी कुठल्या छावणीत.

एकदा गयाक्काची एस.टी. वाटेत बंद पडली. मी पुढच्या गाडीत होते म्हणून वेळेवर पोचले, ती मागच्या गाडीत अडकली होती. तास सुरू व्हायची वेळ झाली. मॅडम फाटकातून आत येत होत्या, आणि त्यांच्या मागून दुधाचा टेम्पो आला. कॅनच्या मधोमध, एका कॅनवर, पिशवी छातीशी धरून गयाक्का बसलेली. ड्रायव्हरनं हात देऊन तिला उतरवलं. तिनं लुगडं झटकलं.

"मॅडम, जरा दुधाचा वास मारंल," ती म्हणाली. "खिडकीपाशी बसते."

मॅडम पुढं गेल्या. पण त्या दिवशी त्यांनी शिपायाला सांगून खिडक्या सगळ्या उघडून घेतल्या.

पोळा तोंडावर आला आणि अडचण आली. छावणीतल्या जनावरांसाठी पेंड मिळणार होती, पण संस्थेच्या कमिटीनं सभा घेऊन ठराव करून मागणी पाठवायला हवी होती, आणि त्याला एकच दिवस होता. पोळ्याचा आदला दिवस. सचिवाशिवाय ठराव लिहिणार कोण? आणि त्याच दिवशी दुपारी आमचा तास.

त्याच्या आदल्या संध्याकाळी परतीच्या गाडीत गयाक्कानं पुस्तक काढलं नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "आज काय न्हाई का?" ती नुसती हसली. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "पोरी, तू उद्या जा. मला बाहेरूनच परीक्षा द्यावी लागंल असं दिसतंय. जनावरं उपाशी ठिवून कसं बसू म्या?"

मी म्हणाले, "अर्ध्या तासानं पुन्हा विचार करू की."

"म्हशीला अर्धा घंटा समजत न्हाई," ती म्हणाली.

संस्थेच्या चेअरमन मुक्ताबाई म्हणून होत्या. सत्तरीच्या, तंबाखू खाणाऱ्या, आवाज असा की शेतात बोलल्या तरी गावात कळावं. केंद्रावर गयाक्कानं त्यांना सांगितलं, की मी उद्या सभेला हाय. मुक्ताबाईंनी तिला खालून वर पाहिलं.

"कालिज?"

"राहिलं."

"लई शिकलीस तरी येडीच हायेस तू," मुक्ताबाई म्हणाल्या. "तू जा. तुला सभेला यायचं न्हाई. सभा येईल तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तास चालू असताना बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग बायकांच्या बोलण्याचा. मग शिपायाचा. "ओ बाई, इथं सभाबिभा घ्यायला परवानगी लागती!" आणि लगेच मुक्ताबाईंचा, "मंग द्या की! उन्हात कावून उभं केलं आमाला?"

वर्ग हसायला लागला. मॅडमनी खडू खाली ठेवला. गयाक्का लालबुंद होऊन बाकाच्या फळीकडं बघत बसली होती. तास संपेपर्यंत ती हलली नाही. घंटा झाली आणि ती अशी धावत गेली की एक चप्पल वर्गातच राहिली. ती मी नेऊन दिली.

लिंबाखाली कमिटीच्या बायका गोल करून बसल्या होत्या. गयाक्कानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोघी कमी होत्या. छावणीत एक म्हैस व्यायला झाली होती म्हणून त्या निघू शकल्या नव्हत्या.

"कोरम न्हाई," गयाक्का म्हणाली.

"आगं, आता हितवर आलोत," मुक्ताबाई म्हणाल्या. "घे लिवून."

"न्हाई. सभा तहकूब. अर्धा घंटा."

बायकांनी कुरकुर केली आणि भाकरी सोडल्या. पटांगणात ठेच्याचा वास सुटला. आमची वर्गातली पोरं भोवती जमली. त्यांनाही भाकरी मिळाली. तेवढ्यात निकम मॅडम खाली आल्या. "हे काय चाललंय?"

"काय न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "सभा तहकूब हाय. बसा."

शिपायानं धावत जाऊन खुर्ची आणली. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि बसल्या. त्यांच्या हातावर कुणीतरी भाकरीचा तुकडा ठेवला. त्या तो खात बायकांचं बोलणं ऐकत राहिल्या. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या छावणीत चारा येत नाही, कुणाची सून कशी शहाणी निघाली. अर्धा तास झाल्यावर गयाक्का उभी राहिली. केस सारखे केले, पदर खोचला, आणि तिचा आवाजच बदलला. पेंडीचा विषय झाला. सूचक, अनुमोदक, ठराव लिहून सह्याअंगठे झाले.

"आता अध्यक्षांच्या परवानगीनं येनारे ऐनवेळचे विषय," गयाक्का म्हणाली. "कोनाचा हाय का?"

"माजा हाय," मुक्ताबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आपल्या सचिव रोज बीडला येतेत. सकाळचं दूध बाकीच्यांनी पाळीनं घ्यायचं. टँकर आला की तिचं पाणी आपण भरायचं. भानुदास जेवला का न्हाई ते बगायचं. अशे दोन वर्सं, तिचं शिक्षन होस्तवर. सूचक मी."

गयाक्काच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "हा विषय... मला आधी सांगितलेला न्हाई," ती म्हणाली.

"म्हून तर ऐनवेळचा. लिव्ह. अनुमोदन कोनाचं?"

सगळ्या बायकांचे हात वर गेले. बांगड्या वाजल्या. आमच्या वर्गातल्या काही पोरांनीही हात वर केले. आणि खुर्चीत बसलेल्या निकम मॅडमचाही हात वर होता. हातात अजून भाकरीचा तुकडा होता.

गयाक्कानं सगळ्यांकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण नियम तो नियम.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी सभासद न्हाईत. तुमचं मत धरता येत न्हाई."

मग मॅडमनी हात खाली घेतला आणि त्या हसायला लागल्या. आम्ही त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या पाठीत दणका घातला.

"बरोबर आहे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या सभेत नका धरू. माझ्या वर्गात माझं एकटीचंच मत चालतं. पोळा झाला की दोघी येऊन नाव लावून जा."

पोळ्यानंतरच्या पहिल्या तासाला मॅडमनी हजेरी घेतली. गयाक्काचं नाव येताच ती उठून उभी राहिली. काहीतरी बोलायचं असतं हे तिला ठाऊक होतं, पण नेमकं काय ते तिनं आधी कधी म्हटलंच नव्हतं. वर्ग थांबला. मॅडमही थांबल्या, पेन कागदावर टेकवून, कुठं जायची घाई नसल्यासारख्या. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आलेय मी, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "दिसतंय. बसा."

आम्ही दोघी एम.ए. झालो. मी नोकरीसाठी दूर आले. गयाक्का संस्थेतच राहिली. आता फोनवर बोलणं होतं, तेही म्हशींबद्दलच जास्त. पण तिचं नाव निघालं की माझ्यासमोर एकच दुपार येते.

हिवाळ्याचे दिवस होते. पाऊस नसला तरी बोरी मात्र लगडल्या होत्या, आणि गयाक्का गावाकडून पिशवी भरून बोरं घेऊन आली होती. मॅडम फळ्याकडं तोंड करून आलेख काढत होत्या. गयाक्कानं बाकाखालून बोरं पुढच्या बाकावर दिली, मागच्या बाकावर दिली. मग शेजारच्या पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती पोरगी फिसकन हसली आणि तिच्या तोंडातली बी उडून थेट फळ्यावर आपटली.

मॅडम वळल्या. "कोण बोललं?"

कुणी काही सांगायची गरज नव्हती. गयाक्काचे दोन्ही गाल बोरांनी फुगले होते.

"गयाबाई, उठा. वर्गाबाहेर."

एवढ्या मोठ्या बाईला असं बाहेर काढलं याचं मला वाईट वाटलं. गयाक्का उठली. तिनं पिशवी उचलली नाही, वही उचलली नाही. तोंडातल्या बिया मुठीत काढून घेतल्या आणि मान खाली घालून, अपराधी पोरासारखी, भिंतीच्या कडेकडेनं दाराबाहेर गेली.

मॅडम पुन्हा फळ्याकडं वळल्या. व्हरांड्यातून शिपायाचा आवाज आला, "अहो आक्का, काय झालं? बरं वाटंना का?"

"मला काढलं भाईर!" गयाक्का म्हणाली. हळू बोलायचा तिचा बेत असावा, पण सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. "वर्गात बोलत हुते म्हून काढलं! मॅडमनी सोताच्या तोंडानं काढलं!"

मी खिडकीतून पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात मागं, जसं उभं राहायचं असतं तसं. तिच्या तोंडावर असलं हसू होतं की शिपायानं तिला आणखी काही विचारलंच नाही. फळ्याशी मॅडमचा खडू हवेतच थांबला होता. त्यांची पाठ आमच्याकडं होती, आणि खांदे हलत होते.